आज बत्तीस आठवडे झाले

प्रिय आई-बाबा,

आज मला ३२ आठवडे पूर्ण झाले. आई, मावशीच्या हिशेबाने तू माझ्या वेळी साधारण एवढ्याच दिवसांवर बाळंत झालीस. सकाळपासून तेच मनात घोळतंय. फोन केला असता तर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहायला बसले.

आपल्या घरात माझ्या जन्माची गोष्ट एका वाक्यात संपते. 'हिला घाई फार, आठव्यातच आली.' मीही तेच सगळ्यांना हसत सांगत आले. पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "आईला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला होता का?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री तुला फोन केला तेव्हा तू आधी 'तेव्हा कोण एवढं बघत होतं' म्हणून टाळलंस. मग एकेक सांगत गेलीस. चेहरा सुजला होता, बोटातली अंगठी निघेना, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि दोन दिवस तू कुणाला काही बोलली नाहीस. फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "मीच जिने चढत राहिले, वजनं उचलली, म्हणून तुला लवकर यावं लागलं."

एवढी वर्षं तू हे एकटीने उरात बाळगलंस, आई? मला त्या रात्री झोप आली नाही.

डॉक्टरांना मी तू सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, ही लक्षणं प्री-एक्लॅम्प्सियाची वाटतात. त्याचं मूळ वारेत, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटात असतं. सुरुवातीच्या काळात वार गर्भाशयात रुजते तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या चांगल्या रुंद व्हाव्या लागतात. काही जणींच्या तेवढ्या होत नाहीत. त्याचा परिणाम मात्र बराच उशिरा, २० आठवड्यांनंतर दिसतो. रक्तदाब चढतो, बऱ्याचदा लघवीतून प्रथिनं जायला लागतात. जिन्यांचा याच्याशी काहीएक संबंध नाही. तू अंथरुणाला खिळून राहिली असतीस तरी ते टळलं नसतं. आणि एकदा त्रास वाढला की खरा उपाय एकच, बाळंतपण. मला लवकर बाहेर काढलं म्हणून आपण दोघी वाचलो. हे वाक्य पुन्हा वाच, आई.

तुझ्या त्या फोनचा मला केवढा उपयोग झाला तेही ऐक. आईला हा त्रास झालेला असला की मुलीला होण्याची शक्यता वाढते, त्यात माझी ही पहिलीच खेप. म्हणून डॉक्टरांनी १२व्या आठवड्यापासून रोज रात्री कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू केली. तू घाबरलीस, 'पोटुशीला कसल्या गोळ्या' म्हणालीस. पण ती १६ आठवड्यांच्या आत सुरू झाली तरच तिचा खरा फायदा. तू महिनाभर उशिरा बोलली असतीस तर ती वेळ निघून गेली असती.

आता रोज सकाळी रक्तदाब मोजायला मी टेबलाशी बसते. पाय जमिनीला टेकवून, पाठ टेकून, पाच मिनिटं अगदी गप्प. मग दंडाला पट्टा बांधायचा, हात छातीच्या उंचीला ठेवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. आजचा ११८/७४. १४०/९० दिसला तर डॉक्टरांना फोन करायचा, १६०/११० दिसला तर फोनसुद्धा करत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडते आणि बाळाच्या हालचाली मोजते. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. आपलं बाळ बहुतेक वेळा पाऊण तासातच दहा पुरे करतं. रोजच्यापेक्षा मंद वाटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, एवढं तुमच्या जावयालाही पाठ झालंय.

बाबा, तुमच्या मधुमेहामुळे माझीही साखर २६व्या आठवड्यात तपासली. नीट आहे, निश्चिंत राहा. आणि तुम्ही दर फोनला तारीख विचारता ना, ती तारीख म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलेले २८० दिवस, बाकी काही नाही. नेमकी त्याच दिवशी येणारी बाळं शंभरात चार-पाच. ३७ आठवड्यांनंतर कधीही फोन येऊ शकतो. तुम्हा दोघांना एक काम सांगते. डांग्या खोकल्याची लस इथे यायच्या निदान दोन आठवडे आधी घेऊन टाका. मी माझी घेतली आहे, तिचं थोडं संरक्षण वारेतून बाळालाही मिळतं. पण अगदी लहान बाळाला हा खोकला झेपत नाही आणि तो बहुतेक वेळा घरातल्या मोठ्यांकडूनच लागतो.

बाळ आल्यावर पहिल्या काही दिवसांत त्याचं वजन थोडं उतरेल. तेव्हा दोघंही धीर धरा, दोनेक आठवड्यांत ते भरून येतं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वर पाणीसुद्धा नाही. मध तर पूर्ण वर्षभर नाही. यावरून आपले खटके उडतील हे मला माहीत आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आई, तुझ्याकडून मला एक फार मोठी गोष्ट हवी आहे. हा त्रास बाळंतपणानंतरही होऊ शकतो, सहा आठवड्यांपर्यंत. तेव्हा सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असेल आणि मीही जागरणाने गळून गेलेली असेन. डोकं ठणकतंय किंवा डोळ्यांपुढे चमकतंय असं मी म्हटलं, तर 'झोप, बरं वाटेल' म्हणू नकोस. मशीन आण. ते कसं असतं हे आपल्या घरात फक्त तुलाच ठाऊक आहे. म्हणून पट्टा बांधायला तू शिकायचंस, आल्या दिवशी मी शिकवते.

बाबा, लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात माझ्या जन्माच्या वेळचे हॉस्पिटलचे कागद असतील, कडा पिवळ्या पडलेले. त्यात आईचा तेव्हाचा रक्तदाब आणि नेमके किती आठवडे झाले होते ते लिहिलेलं असेल. दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठवा. गुरुवारी तपासणी आहे, त्याआधी मिळाले तर बरं.

तुमची,
लेक