आवाहन : युक्रेनमधल्या शेल्टरच्या हिवाळ्यासाठी

सस्नेह नमस्कार मंडळी,

कीव्हजवळच्या बोरोद्यांकातल्या शेल्टरमध्ये युद्ध पेटलं तेव्हा ४८५ कुत्री होती. १ एप्रिल २०२२ ला स्वयंसेवक तिथे पोचले, तोवर २२२ मेली होती. बंद पिंजऱ्यांत, अन्नपाण्यावाचून. महिनाभराहून जास्त दिवस तिथे कुणी आलंच नव्हतं. त्याच दिवसांत होस्टोमेलला, शेजारच्या विमानतळावर घनघोर लढाई चालू असताना, शेल्टर सांभाळणाऱ्या आजी तिथेच राहिल्या आणि शेकडो जीव जगले.

सांभाळणारी माणसं असली तरच जीव जगतात, म्हणून यंदा आम्ही आधी माणसांसाठी मागतो आहोत.

आम्ही पोलंडमधल्या वॉर्सातली काही मराठी कुटुंबं. २०२२ मध्ये मेडिकाला, पोलंड-युक्रेन सीमेवर, युक्रेनमधून बाहेर पडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी जेवण घेऊन उभे होतो. त्यांतल्या काहींनी जॅकेटात मांजर, पिल्लू घट्ट धरलं होतं. भारत सरकारने तेव्हा नियम शिथिल केले म्हणून ती घरी येऊ शकली. ज्यांना मागे सोडावं लागलं, त्यांच्यासाठी तेव्हापासून आम्ही ल्विव्हजवळच्या एका शेल्टरला मदत पोचवतो. खारकीव्ह, दोनेत्स्क भागांतून सोडवून आणलेली कुत्री-मांजरं तिथे आहेत.

तिथले तरुण मदतनीस सैन्यात गेले. उरल्यात मुख्यतः बायका आणि म्हातारी माणसं. भोंगा वाजला की माणसांनी तळघरात जायचं, पण इतकी कुत्री नेणार कुठे? मग कुणीतरी वरच थांबतं. घाबरलेलं कुत्रं जाळीवर दात तुटेपर्यंत झटतं, त्याच्याजवळ बसावं लागतं. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाणी नाही आणि कुत्र्यांची लापशीही शिजत नाही. या सगळ्यांचा पगार तटपुंजा आहे, आणि तोही वेळेवर होत नाही. चार महिन्यांचा पगार आणि जनरेटरचं डिझेल, एवढं जमलं तरी हिवाळा निभेल.

एक कळकळीची विनंती : चादरी, ब्लँकेट, जुने स्वेटर पाठवू नका. गेल्या वर्षी प्रेमाने आलेले ढीगच्या ढीग पडून राहिले. उघड्यावरच्या खोपट्यात कापड ओल धरतं, रात्री गोठतं आणि कुत्र्याला जास्तच गारठवतं. तिथे लागतो सुका पेंढा. तो तिकडेच मिळतो, त्यासाठी पैसे द्या. वस्तूच द्यायच्या असतील तर पिल्लांचं आणि मांजरांचं कोरडं खाणं (सीलबंद पोतं, मुदत तपासून), जंतांची औषधं, टॉर्च, पॉवर बँक. भीती शमवणारी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पाठवता येत नाहीत, ती आम्ही इथल्या पशुवैद्यांकडून घेतो.

युरोपातल्या मंडळींनी आमच्या मंडळाच्या खात्यावर रक्कम भरावी. महाराष्ट्रातून द्यायची असेल तर इकडच्या आपल्या नातेवाइकांमार्फत द्या. प्रत्येक पावती आणि डिझेलचं बिल गटावर टाकू. पुढची गाडी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे निघेल. एका चालकाची जागा अजून रिकामी आहे. सीमेपर्यंतच चालवायची आहे, पुढे तिकडची माणसं गाडी ताब्यात घेतात.