‘पुणेमध्ये’ खास सवलत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की सराफांपासून दिवाळी अंकांच्या प्रकाशकांपर्यंत सगळ्यांचे मराठी मेल इनबॉक्समध्ये येऊन पडतात. त्यांतल्या बऱ्याच मेलांची सुरुवात ‘प्रिय ,’ अशी होते आणि पुढे ‘पुणेमध्ये खास सवलत’ मिळणार असते. पाठवणाऱ्याने चाचणी घेतलीच नाही असे नसते. घेतलेली असते, पण इंग्रजी मेलसाठी केलेली तपासायच्या गोष्टींची यादी समोर ठेवून. देवनागरी मेल जिथे मोडतो त्या जागा त्या यादीत नसतात.

‘पुणेमध्ये’चेच पाहा. साच्यात गावाच्या नावाची जागा मोकळी सोडून तिला ‘मध्ये’ चिकटवलेले असते. इंग्रजीत गावाचे नाव जसेच्या तसे राहते. मराठीत त्याचे सामान्यरूप होते. पुण्यामध्ये, ठाण्यामध्ये, साताऱ्यामध्ये. गंमत अशी की नमुन्याचा ग्राहक नाशिकचा किंवा जळगावचा असेल, तर ही चूक चाचणीत दिसतच नाही. उपाय दोन. वाक्य असे लिहायचे की नावाला प्रत्यय लागणार नाही (‘शाखा : पुणे’), नाहीतर ग्राहकांच्या तक्त्यात सामान्यरूपाचा वेगळा रकाना ठेवायचा. क्रियापदाच्या लिंगाचेही तसेच : ‘आपण निवडले गेला आहात’ यापेक्षा ‘आपली निवड झाली आहे’ हे वाक्य कुणालाही चालते.

म्हणून चाचणीसाठी दहा-बारा ओळींची वेगळी यादी करावी. पत्ते सगळे आपल्याच माणसांचे, पण माहिती मुद्दाम वेडीवाकडी : एका ओळीत नाव रिकामे, एकीत नावाच्या जागी नुसती स्पेस, एक नाव देवनागरीत, एक रोमन मोठ्या अक्षरांत, एक खूप लांब, आणि एकात आधीच ‘श्री.’ लिहिलेले, म्हणजे ‘श्री. श्री.’ होते का ते कळेल. गावे पुणे, सातारा, ठाणे आणि एक कोरे. या यादीला खरी मोहीम पाठवतात तशीच पाठवायची. सॉफ्टवेअरमधल्या ‘टेस्ट पाठवा’ बटणावर विसंबू नये. बऱ्याच ठिकाणी त्यातून नमुन्याची माहिती भरली जाते आणि सदस्यत्व रद्द करण्याची लिंक चालत नाही. आणखी एक : एकच विषय लिहून पाच वेळा चाचणी पाठवली, तर जीमेल ते मेल एका धाग्यात गुंफते आणि सारखा मजकूर तीन ठिपक्यांखाली झाकते. मग वाटते मजकूरच गेला. विषयाच्या शेवटी १, २, ३ असा आकडा टाकला की हा घोळ टळतो.

विषयाच्या ओळीत अधूनमधून काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते, त्याचे कारण फारसे कुणी तपासत नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरे आकड्यांत साठवतो त्या रूढ पद्धतीत, ३ बाइट घेते. काना, वेलांटी, मात्रा ही चिन्हे वेगळी मोजली जातात. ‘खरेदी’ ही ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. मेलच्या शीर्षभागात विषय सांकेतिक तुकड्यांत जातो आणि एक तुकडा ७५ अक्षरांहून मोठा चालत नाही. बेस-६४ पद्धतीत (तीत बाइट साध्या रोमन अक्षरांत लिहिले जातात) अशा तुकड्यात जास्तीत जास्त ४५ बाइट बसतात. नुसती देवनागरी असती, तर बरोबर १५ चिन्हांवर तुकडा पडला असता. पण मध्ये एक स्पेस आली, ती एकाच बाइटची, की पुढचा तुकडा एखाद्या चिन्हाच्या पोटातून कापला जातो. चिन्ह अखंड ठेवणे हे पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम. ते त्याने केले नाही, तर काही मेल-ॲप तुकडे सांधून घेतात, काही घेत नाहीत. म्हणून विषयाची चाचणी वीसहून अधिक चिन्हांच्या, स्पेस आणि रुपयाचे चिन्ह असलेल्या खऱ्या ओळीने घ्यावी. ‘टेस्ट’ या एका शब्दाने काहीच कळत नाही.

मजकूर डीटीपीवाल्याकडून आला असेल, तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉण्टमधला नाही ना, हे आधी पाहावे. युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारे अक्षरांचे प्रमाणित संकेत, नसलेला मजकूर करणाऱ्याच्या संगणकावर सुंदर दिसतो आणि ग्राहकाकडे रोमन अक्षरांचा खच होतो. तपासणी सोपी आहे : मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा, तिथे मराठी दिसली तर ठीक.

दिसण्याच्या बाबतीत तीन गोष्टी घात करतात. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवले, तर शिरोरेषा तुटते. ओळीची उंची इंग्रजीच्या हिशेबाने अक्षराच्या १.२ पट ठेवली, तर ‘र्टी’, ‘कैं’ यांसारख्या अक्षरांवरचे रफार-अनुस्वार छाटले जातात, १.५ ते १.६ ठेवावी. विंडोजवरचे जुने आउटलुक २००७ पासून मेल दाखवायला वर्डचे इंजिन वापरते, त्यामुळे ही काटछाट तिथे जास्त दिसते. आणि बाहेरून मागवलेला वेबफॉण्ट जीमेलमध्ये सहसा चालत नाही. विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो आणि आयफोनवर कोहिनूर अशा तिथल्या फॉण्टांत मजकूर उमटतो, प्रत्येकाची रुंदी वेगळी. बटणावरचे ‘ऑर्डर नोंदवा’ एका फोनवर एका ओळीत बसते आणि दुसऱ्यावर दोन ओळींत. ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ नीट उमटतात का ते कळावे म्हणून ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘ॲप’ हे शब्द चाचणीच्या मजकुरात असावेतच. या कटकटीला कंटाळून सगळा मजकूर चित्रात टाकणारे बरेच आहेत. चित्रे बंद असली की त्यांचा मेल कोरा दिसतो आणि अंध वाचकाच्या स्क्रीन-रीडरला वाचायला काहीच उरत नाही.

जीमेल १०२ केबीच्या पुढचे एचटीएमएल (मेलचा मजकूर आणि मांडणी ज्यात लिहिलेली असते ते) कापून टाकते. काही एडिटर देवनागरी चिन्हाऐवजी त्याचा आकडी संकेत लिहितात, म्हणजे ३ बाइटच्या जागी ७. कापला जातो तो तळ, आणि सदस्यत्व रद्द करण्याची लिंक तिथेच असते. ती सापडली नाही की माणूस ‘स्पॅम’ दाबतो. फाइल ८० केबीच्या आत ठेवावी, कारण क्लिक मोजणाऱ्या लिंका नंतर तिचे वजन वाढवतात.

फेब्रुवारी २०२४ पासून रोज ५,००० किंवा त्याहून अधिक मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरेच ‘प्रेषक’ म्हणून दिलेल्या पत्त्याच्या मालकाकडून आला हे पटवणाऱ्या तपासण्या) ही तिन्ही लागतात. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली, म्हणजे हजारात तीनपेक्षा कमी असाव्या लागतात. चाचणीचा मेल संगणकावर उघडून ‘शो ओरिजिनल’ दाबले की तिन्हींपुढे ‘पास’ दिसले पाहिजे. छोटे दुकानदार मेल सेवेतून पाठवतात, पण ‘प्रेषक’ म्हणून स्वतःचा जीमेलचा पत्ता देतात, तिथे डीमार्क नापासच होते. स्वतःचे डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, घेण्याला पर्याय नाही.

दोन विषय-ओळींपैकी सरस कोणती, हे लहान यादीवर ठरवू नये. २ टक्के आणि ३ टक्के क्लिक यांतला फरक खात्रीने ओळखायला प्रत्येक गटात सुमारे ३,८०० माणसे लागतात. २००-२०० जणांना पाठवून ४ विरुद्ध ६ क्लिक आले, तर तो छापा-काटाच. आणि मोजायचे ते क्लिकच. मेल उघडला हे कळते ते त्यातले चित्र उतरवले गेल्यावरून. २०२१ मध्ये ॲपलने मेलमधली चित्रे आपणच आधी उतरवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून ‘किती जणांनी उघडला’ हा आकडा फुगलेला असतो.

पाठवण्याआधी शेवटी पाहायची ती वेळ आणि संख्या. सॉफ्टवेअर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालत असेल, तर सकाळी १० चा मेल आपल्याकडे दुपारी साडेतीनला निघतो. संख्येबद्दल वृत्तपत्रसृष्टीतलेच उदाहरण आहे : २८ डिसेंबर २०११ रोजी न्यू यॉर्क टाइम्सचा, अंक बंद केलेल्या सुमारे ३०० जणांसाठीचा मेल ८० लाखांहून अधिक लोकांना गेला. शेवटच्या पडद्यावरचा आकडा एकाने मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने तो मूळ यादीशी ताडून पाहिल्यावरच बटण दाबावे. एवढे करूनही किंमत, तारीख किंवा लिंक चुकली, तर दुरुस्तीचा मेल जरूर पाठवावा. ‘पुणेमध्ये’ गेले असेल, तर पुन्हा पाठवू नये.

– ई-मेल मोहिमांचे काम करणारे काही जण, पुणे