ज्या मुलानं हात मागे बांधले, त्यास

चि. काच बसवणाऱ्या मुलास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हा असा मायना. श्रावणातल्या त्या मुसळधार दुपारी तडा गेलेला टॅब पिशवीत घालून मोती चौकामागच्या बोळात आलेली आणि बोलता बोलता डोळे भरून आलेली बाई ती मी. तुला अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. माझा मुलगा तुझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा असेल.

काल दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्मा, म्हणजे पानांचा शेवटचा गठ्ठा, तपासून गेला. २२४ पानं, सगळी त्याच टॅबवर. तेव्हापासून तुला लिहायचं मनात घोळतंय.

मी मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफ, छपाईआधीची कच्ची प्रत, वाचून चुका काढणारी. १९८९ मध्ये साताऱ्यातल्या एका छापखान्यात लागले तेव्हा अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत असत आणि प्रुफाला ओल्या शाईचा वास असे. पुढे खिळे गेले, छापखाना गेला, मी घरून कामं घेऊ लागले. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे शुद्धलेखनाचे अठरा नियम मला झोपेतून उठवून विचारले तरी येतील. ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून भाद्रपद-आश्विनात मुद्रितशोधकाच्या घरी जी धांदल असते तीच माझ्याकडेही. जेवणाच्या टेबलावर प्रुफं आणि जेवण ओट्यापाशी उभ्यानं.

यंदा संपादकांचा फोन आला. ‘ताई, आता कागद नाही. पीडीएफ पाठवू. कुरिअरचे दोन दिवस वाचतात.’ त्यांचं चुकलं नव्हतं. पण फोन ठेवताना ते म्हणाले, ‘जमणार नसेल तर मोकळेपणानं सांगा हं.’ त्या ‘हं’नं माझी दोन रात्री झोप उडवली.

टॅब घरात होता. तीन वर्षांपूर्वी मुलानं मालिका बघायला आणि नातवाशी बोलायला दिलेला. मुलगा बंगळुरूला, कॉम्प्युटरच्याच कामात. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘आई, वर उजवीकडे तीन टिंबं दिसतात ना, ती दाब.’ आता आमच्या धंद्यात तीन टिंबं म्हणजे लेखकाला वाक्य पुरं करता आलं नाही. ती मी आयुष्यभर खोडत आले. त्याला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, त्याची मीटिंग होती. मग भाचा आला. त्यानं टॅब माझ्या हातून ओढूनच घेतला. कंदी पेढे वळणाऱ्याचा हात चालावा तसा त्याचा अंगठा चालला. ‘झालं मावशी, सोप्पंय!’ काय झालं ते मला दिसलंच नाही, आणि तो जिना उतरेपर्यंत ते नाहीसंही झालं. शेवटी गार हवेच्या एका शोरूममध्ये गेले. तिथल्या मुलानं टॅब उलटा करून मागचा नंबर वाचला, पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘मॉडेल जुनं झालं मॅडम. कामासाठी लॅपटॉपच घ्या.’ कसलं काम, हे त्यानं विचारलं नाही. किंमत मात्र न विचारता सांगितली.

तुझ्याकडे मी फक्त काच बदलायला आले होते. तू काच बसवलीस, अंगठ्यानं बुडबुडा कडेला सारलास आणि सहज म्हणालास, ‘काकू, यावर काय बघता?’

‘बघत नाही, वाचते. चुका काढते.’

‘कुणाच्या?’

‘सगळ्यांच्या.’

तू हसलास आणि म्हणालास, ‘दाखवा की.’

मी सवयीनं टॅब तुझ्यापुढे केला. तू तो घेतला नाहीस. दोन्ही हात मागे नेलेस आणि म्हणालास, ‘मी हात लावणार नाही. मी केलं तर मलाच येईल. तुम्ही करा, मी सांगतो.’

बाळा, मला त्या दिवसाचं बाकी काही आठवलं नाही तरी हे आठवेल. माझं बोट चुकीच्या जागी पडत होतं. बाहेर एक रिक्षावाला चार्जरसाठी ताटकळला होता. दोनदा तुझा खांदा पुढे झुकला. तुझ्या पाठीमागे कव्हरं टांगलेली आहेत ना, तिथल्या आरशात मला दिसत होतं : एका हातानं तू दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतंस. पाच सेकंदांचं काम होतं तुझ्यासाठी. तू मला त्याला दहा मिनिटं लावू दिलीस आणि एकदाही सुस्कारा टाकला नाहीस.

पडदा दुभंगतो हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तोवर मी मूळ प्रत उघडायची, एक ओळ मनात धरायची, ती मिटून प्रूफ उघडायची, आणि तोवर ओळ मनातून गेलेली असायची. आता डावीकडे मूळ, उजवीकडे प्रूफ, मधला दांडा हवा तसा सरकवायचा. शेरे लिहिताना कीबोर्डच्या स्पेसवर बोट घासलं की कर्सर एकेक पाऊल सरकतो. माझ्या जाड बोटांना नेमकी वेलांटी गाठता येऊ लागली ती तिथून. मागे खोडायचं बटण आधी काना पुसतं, मग अक्षर, हे पाहून तर मी तुझ्यासमोर ‘वा!’ म्हणाले. तुला त्यात एवढं काय ते कळलं नसेल. आणि ते आखूड शब्द : मी नुसतं ‘ऱ्ह’ टाइप करते, वरच्या पट्टीत ‘इथे ऱ्हस्व हवा’ असं अख्खं वाक्य हजर. यंदा किती वेळा हजर झालं ते लेखकांच्या अब्रूखातर सांगत नाही.

पण खरी गोष्ट वाचून दाखवण्याची. पूर्वी प्रूफ दोघं मिळून तपासत. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापलेल्यावर नजर ठेवायची. गळलेली ओळ डोळ्याला सापडत नाही, कानाला सापडते. माझ्यासाठी आमच्या जाऊबाई वाचत, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हांसकट, मधूनमधून नायिकेला नावं ठेवत. लेकीचं बाळंतपण करायला त्या नाशिकला गेल्या त्या नातवातच रमल्या. मी एकटी पडले आणि गेल्या वर्षी एका कथेतला अख्खा परिच्छेद गळला तो माझ्या लक्षात आला नाही. हे मी तुला सांगितलं आणि तिथंच माझे डोळे भरले.

तू म्हणालास, ‘टॅब वाचून दाखवतो बहुतेक. मराठीचं मलाही नक्की माहीत नाही. बघू या.’

‘मलाही माहीत नाही’ हे शब्द त्या शोरूमात मला कुणाच्या तोंडून ऐकू आले नव्हते. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाचा कप्पा निघाला. धडधाकट माणूस सहसा तिकडे फिरकत नाही. त्यात ‘सिलेक्ट टू स्पीक’, निवडलेला मजकूर वाचून दाखवणारी सोय. पहिल्यांदा आपण ते प्रुफावर लावलं आणि टॅबमधली बाई भलतंच काहीतरी बरळू लागली. रिक्षावाल्यासकट आपण तिघंही हसलो. प्रूफ जुन्या फॉन्टातलं, त्यातली अक्षरं आपल्याला मराठी दिसतात, यंत्राला नाही. मग तूच विचारलंस, ‘लेखकानं पाठवलेलं मूळ आहे का?’ होतं. हल्ली कथा मोबाइलवर लिहून येतात, सरळ युनिकोडात, म्हणजे यंत्रालाही कळणाऱ्या अक्षरांत. डाव्या अर्ध्यावर मी बोटानं चौकोन आखला आणि ती वाचू लागली. सपाट आवाजात, पण स्वच्छ. दुसऱ्याच परिच्छेदात ती ‘परसातल्या’ म्हणाली आणि उजवीकडच्या प्रुफात ‘परसातल्या’ नव्हतंच. तुझ्या स्टुलावर बसून पकडलेली ती यंदाच्या अंकातली माझी पहिली चूक.

ती विरामचिन्हं उच्चारत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. नायिकेला नावंही ठेवत नाही. जाऊबाईंना फोनवर हे सांगितलं, त्या जराशा सुखावल्या.

तू पैसे काचेचेच घेतलेस. मी शंभराची आणखी एक नोट पुढे केली तर म्हणालास, ‘काकू, मी काय केलं? सगळं तुम्हीच केलंत.’ अक्षरशः खरं होतं ते.

आजकाल चांगुलपणा म्हटलं की लोक मोठमोठ्या गोष्टी सांगतात. मला वाटतं, ज्याला येतं त्यानं न येणाऱ्यासमोर घाई न करणं हासुद्धा त्यातलाच प्रकार, आणि फार कमी लोकांना जमणारा. मलाही जमलेला नाही. छापखान्यात नवी मुलगी आली की तिच्या हातातलं प्रूफ ओढून घेऊन मी स्वतःच तांबड्या शाईनं भरायची. तीही बिचारी ‘झालं’ ऐकूनच घरी जात असणार. तुझे हात आरशात पाहिले तेव्हा मला तीच आठवली.

या पत्राचा पहिला खर्डा मी टॅबपुढे बोलूनच केला. २०१७ पासून गूगलला मराठी बोललेलं कळतं म्हणे. माझं सातारी मराठीही कळतं, हे मला यंदा कळलं. चुका नंतर मी काढल्या, ते काम मी कुणाला देणार नाही.

अंक हाती आला की वसुबारसेच्या सुमारास एक प्रत घेऊन येते. आणखी एक. तुझ्या पाटीवर ‘मोबाईल दुरूस्ती’ लिहिलंय. त्यातला ‘रु’ ऱ्हस्व हवा. त्या दिवशी मोठ्या कष्टानं जीभ आवरली. पाटी रंगवायला काढशील तेव्हा निरोप दे. ब्रश तूच धर. मी हात मागे बांधून उभी राहीन.

तुझी,
चुका काढणारी काकू