व्यवस्थापकांच्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका

संपादक महोदय,

मराठी रंगभूमी दिनानिमित्तच्या आपल्या पुरवणीत जुन्या नटमंडळींच्या आठवणी वाचल्या. त्यातल्या काहींच्या दौऱ्यांचा मी व्यवस्थापक होतो, म्हणून हे पत्र.

नुकताच आमच्यातला एक जुना व्यवस्थापक गेला. घर आवरताना त्याच्या वह्या रद्दीत गेल्या. घरच्यांना बोल लावत नाही. त्यांत काय आहे हे त्यांना कोण सांगणार? नाट्यगृहाच्या तारखा, बुकिंगचा आकडा, कुणाची नाईट (एका प्रयोगाचं मानधन) किती, कॉन्ट्रॅक्टरचा ॲडव्हान्स, ऐनवेळी कोण आजारी पडलं आणि त्याच्या जागी कोण उभं राहिलं, हे त्या त्या रात्रीच लिहिलेलं असतं. आठवणी सांगताना वर्षं इकडची तिकडे होतात. वहीत तसं होत नाही.

आणि त्यांत माणसं भेटतात. एक फार मोठे नट होते. नाव लिहिण्याचा अधिकार मला नाही. बुकिंग पडलेल्या रात्री माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘नाईट नंतर’ अशी नोंद आहे. म्हणजे त्यांनी पाकीट माझ्या हातात परत ठेवलं आणि बॅकस्टेजच्या मुलांचे पैसे आधी चुकते करायला लावले. ते ‘नंतर’ पुष्कळदा आलंच नाही. त्यांच्यावर इतकं लिहून आलं, हे कुठेही आलेलं नाही.

कोल्हापूरचा प्रयोग संपवून रातोरात मुंबईला निघालो की हेच गृहस्थ केबिनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसत. मी ड्रायव्हरला शेंगदाणे सोलून देई आणि ते त्याला कुठल्यातरी जुन्या नाटकातलं स्वगत म्हणून दाखवत, अगदी हळू आवाजात, मागची मंडळी जागी होऊ नयेत म्हणून. खंबाटकी घाट पार होईपर्यंत हे चाले. अभिनेत्री भक्ती बर्वे २००१ मध्ये वाईहून परतताना मोटार अपघातात गेल्या. ड्रायव्हरला झोप लागू न देणं किती मोलाचं, हे आम्हा दौरेवाल्यांना विचारा.

वह्यांत खाजगीही पुष्कळ असतं: औषधं, उसनवारी, मुलांच्या फीसाठी उचललेले पैसे. ती पानं घरच्यांना विचारून काही वर्षं खुशाल बंद ठेवावीत. पण जपावीत तर खरी! ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. हे कागद किलोवर विकले जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

नाट्य परिषदेने किंवा एखाद्या विद्यापीठाच्या नाट्य विभागाने जुन्या व्यवस्थापकांच्या घरी माणूस पाठवावा, वह्या मागून घ्याव्यात, त्यांच्या प्रती काढाव्यात. माझ्या वह्या आजही कपाटात आहेत आणि त्या द्यायला मी तयार आहे. नीट सांभाळणारी संस्था आपल्या माहितीत असल्यास कृपया आपल्या कार्यालयामार्फत कळवावं.

– एक निवृत्त नाट्य व्यवस्थापक, सांगली