सूचना : सोमवारपासून चालण्याआधी १५ मिनिटं तोलाचे व्यायाम

मैत्रिणींनो,

"मी रोज चालते, मी कशाला पडतेय?" असं मीही म्हणायचे. गेल्या आठवड्यात शिवाजी पार्कला तीन फेऱ्या मारून घरी आले आणि बाथरूमच्या दारात पायपुसण्यावरून घसरले. चौकट हाताला लागली म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलं.

चालणं सोडायचं नाही, पण नुसतं चालून तोल सुधारतोच असं नाही. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१९च्या आढाव्यानुसार व्यायामाने ज्येष्ठांचं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं. त्यात मुख्य भर तोलाच्या आणि उठण्या-बसण्याच्या व्यायामांवर आहे. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढे असे व्यायाम आठवड्यातून निदान ३ दिवस करा म्हणते.

तर सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ६.१५ला कट्ट्यापाशी जमायचं. कट्ट्याला हात टेकून एका पायावर उभं राहणं, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत सरळ रेषेत चालणं, हात न टेकता उठणं. सोपं वाटतं, करून बघा!

तळवा गुळगुळीत झालेल्या चपला घालून येऊ नका, पावसात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ असतं. बीपीच्या गोळीनंतर उठताना गरगरत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका. वर्षभरात कोणी पडलं असेल तर मला वेगळं कळवा. एकदा पडलेली पुन्हा पडण्याचा धोका जास्त असतो, लाजायचं कारण नाही.

गुडघेवाल्यांसाठी दोन खुर्च्या मी आणतेय, उचलायला कोणीतरी या.