स्टेजच्या टॅनला दोन रात्री द्या

महोदय,

शरीरसौष्ठव स्पर्धेत झगझगीत दिव्यांखाली अंग सपाट दिसतं, कट्स, म्हणजे स्नायूंमधल्या रेषा, बुजतात, म्हणून टॅन, म्हणजे अंगाला लावायचा तपकिरी रंग, लागतोच. पण मेहनत सहा महिन्यांची आणि रंग शेवटच्या तासात, तोही बंद खोलीत फवारून, हे थांबायला हवं.

टॅनमधला मुख्य घटक डीएचए (डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन) ही एक साखर आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांशी संयोग होऊन ती तपकिरी होते. भाकरी खरपूस होते तीही याच जातीची क्रिया. रंग दिसायला दोन-चार तास लागतात, पुरता चढायला जवळपास दिवस. तासभर आधी फासलेला रंग वरवरचाच राहतो आणि घामाचा पहिला ओघळ बरगड्यांवर फिकट रेघ ओढतो.

स्पर्धा रविवारी असेल तर बुधवारी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून चोवीस तास बघावं. खाज किंवा पुरळ आलं तर ते उत्पादन बाद. गुरुवारी अंगावरचे केस काढावेत, खरखरीत कापडाने अंग घासावं. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री एकेक पातळ थर. अंग कोरडं हवं, तेल किंवा डिओडरंट अजिबात नको. डिओडरंटमुळे काखेतला रंग हिरवट पडतो. कोपर, गुडघे, घोटे इथली त्वचा जाड, तिथे रंग जास्त धरतो आणि काळे डाग पडतात. तिथे आधी किंचित मॉइश्चरायझर लावून मग रंग लावायच्या हातमोज्याला उरलेला रंगच फिरवावा. हातमोजा घातला नाही तर तळहात आठवडाभर तपकिरी राहतात. पाठ दुसऱ्याकडूनच लावून घ्यावी. पंधरा मिनिटं वाळू द्यावं, मग सैल जुने कपडे. सहा-आठ तास अंगाला पाणी नको; नंतर साबणाशिवाय कोमट पाण्याने अंघोळ आणि टॉवेलने नुसतं टिपणं.

फवाऱ्याबद्दल विशेष सांगायचं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची डीएचएला परवानगी फक्त बाहेरून लावण्यापुरती आहे; डोळे, ओठ, नाकाची आतली त्वचा यांना तो लागू नये आणि श्वासातून आत जाऊ नये. चेहऱ्याला हातानेच लावा.

आयोजकांना विनंती : कोणता टॅन चालेल हे प्रवेश अर्जावरच छापा. हात लावताच निघणारा तेलकट रंग चालत नाही, हे मुलांना आज वजनाच्या वेळी कळतं. तोवर दोन्ही रात्री हातच्या गेलेल्या असतात.

– एक प्रशिक्षक, परळ, मुंबई