‘केसेस’ आणणाऱ्या मास्तराचे पत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक लोकसंख्या दिनानिमित्त आलेल्या पत्रांत एका वाचकाने लिहिले आहे की, नद्या वाचवायच्या तर आधी माणसे कमी करा, गरज पडली तर सक्तीने. ते वाचून मला आणीबाणीतले १९७६ साल आठवले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत नवा शिक्षक होतो. वर्गात मुले किती, यापेक्षा मास्तरांनी ‘केसेस’ किती आणल्या याचीच चौकशी जास्त व्हायची. केस म्हणजे नसबंदीला राजी झालेला माणूस. पगार अडेल या धास्तीने मी दोन केसेस नेल्या. दोघेही भूमिहीन मजूर. गावात पाच-पाच मुलांचे बागायतदार होते, पण त्यांच्या वाड्याची पायरी चढायचे माझ्या मनातसुद्धा आले नाही. याची लाज अजून जात नाही.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून वाचलो. पुढे पुरुष सुटले आणि सगळा भार बायकांवर आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या एका शिबिरात एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने केली. तिथल्या शिबिरांनंतर १३ जणी दगावल्या. आणीबाणी तेव्हा नव्हती, आणि नसबंदीचे टार्गेट म्हणाल तर ते कागदोपत्री १९९६ सालीच बंद झाले होते!

याचा पर्यावरणाशी काय संबंध? लोकसंख्यावाढीची भीती घालणाऱ्या, १९६८ साली आलेल्या पॉल एर्लिक या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाच्या गाजलेल्या पुस्तकाची सुरुवातच दिल्लीतल्या एका टॅक्सीप्रवासाने होते. काचेबाहेर माणसेच माणसे, आणि लेखक घाबरलेला. वास्तविक अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतात दोन टनांच्या आसपास. माझ्या त्या दोन मजुरांच्या वाट्याला तर तेवढाही येत नसणार. पण ‘फार झाली’ म्हणून मोजली जातात ती नेहमी काचेबाहेरचीच माणसे.

आणि नद्यांचे म्हणाल तर, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुले आहेत. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाही २.१ लागतात. पंचगंगेत मासे मरून तरंगतात ते शहरांच्या सांडपाण्याने आणि मळीमिश्रित पाण्याने. तो पाइप बंद करायला कोणाची नसबंदी लागत नाही.

मी कुटुंबनियोजनाच्या विरोधात नाही, आम्हालाही दोनच मुले. पण र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, ते मूल कधी आणि किती हे बाईला स्वतः ठरवता यावे म्हणून. तिथे कोणा मास्तराला केसेस आणाव्या लागत नव्हत्या.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. कोल्हापूर